ओढ्यापलीकडचं भीमनगर

रविवारची चाचणी संपली, मुलं गेली, आणि लातूरच्या त्या शिकवणीच्या वर्गात जीवशास्त्राच्या लुंबिनी मॅडमनी लॅपटॉप उघडला. समोरच्या बाकावर शरदचंद्र बसले होते. सकाळच्या एसटीनं नांदेडहून आले होते. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात दोघंही हौसेनं, बिनपगारी लिहायचे. दोन वर्षांची ओळख. भेट आजच पहिली.

ओळख तशी भांडणाचीच. भूकंपात भुईसपाट झालेल्या मोगरवाडीच्या लेखात लुंबिनीनं एक वाक्य घातलं होतं, 'ओढ्यापलीकडे भीमनगर ही बौद्ध वस्ती होती.' शरदचंद्रांनी ते चार वेळा काढलं. संदर्भ नाही, एवढंच कारण. निवृत्तीआधी ते नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचे. छापील पुराव्याशिवाय त्यांना काही पटत नसे. शेवटी लुंबिनीनं कळवलं, पुरावा आहे, पण तो पोस्टानं येणार नाही. तुम्हीच या.

पुरावा शेजारी बसलेल्या तिच्या आत्याच्या, भामाबाईंच्या मांडीवरच्या पिशवीत होता.

शरदचंद्रांनी आधी आपला पुरावा काढला. भूकंपानंतरच्या पाहणीचं पुस्तक, त्यात जुन्या गावाचा नकाशा. देऊळ, शाळा, वरची आळी, ओढा. ओढ्यापाशी नकाशा संपत होता.

भामाबाईंनी तो नीट न्याहाळला. "पाय भिजंल म्हून अल्याडच थांबला व्हय काढणारा?"

शरदचंद्रांनी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

मग भामाबाईंनी पिशवीतून मतदारयादी काढली. ग्रामपंचायतीची, भूकंपाच्या आदल्या वर्षीची, सरकारनं छापलेली. त्या साली त्या निवडणुकीला उभ्या होत्या आणि पडल्या होत्या. यादी पत्र्याच्या पेटीत राहिली, म्हणून ढिगाऱ्यातून वाचली. वॉर्ड तिसरा, भीमनगर.

शरदचंद्र नावं वाचू लागले. आधी मनात, मग मोठ्यानं. प्रत्येक नावाला भामाबाई उत्तर देत होत्या. हाय. गेली. गेला. पुण्याला हाय. गेली. गेली.

दुसऱ्या पानावर एकाच आडनावाची सात नावं ओळीनं होती. चौथ्यापाशी शरदचंद्र थांबले.

"वाचा की, सर," भामाबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्सांत कोनी घेतली न्हाईत ही नावं."

त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग लॅपटॉप आपल्याकडे ओढला, वाक्य स्वतःच्या हातानं परत घातलं आणि खाली संदर्भ दिला: मतदारयादी, वॉर्ड, पान.

चहा येईपर्यंत लेखात आणखी एक ओळ आली होती. माणिकप्पा नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'ओढ्यावर दोन फरशा टाकलेल्या होत्या. भीमनगरची मुलं त्यावरून शाळेला येत.'

लुंबिनीनं ती वाचून दाखवली.

"हाव," भामाबाई म्हणाल्या. "एक फरशी हलायची. शाळेला 'येत' म्हनतोय, म्हंजी वरच्या आळीचा असंल त्यो."

ओळीला संदर्भ नव्हता. शरदचंद्रांचं बोट सवयीनं खोडायच्या बटणाकडे गेलं. लुंबिनी बघत राहिली.

त्यांनी ओळ खोडली नाही. तिच्यापुढे कंसात दोनच शब्द टाकले, 'संदर्भ हवा'.

"राहू दे," ते म्हणाले. "असेल कुणाच्या तरी पेटीत."