यीस्टला घातलेली हाक

तोरुननं बाही कोपराच्या वर सारली, पिंपातल्या माल्टच्या गोड, तपकिरी पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाली, "धारोष्ण झालंय, आई. यीस्ट टाकते."

"टाक की मग," ब्रिता म्हणाली. तिला ऐकू आलं नव्हतं, तिनं लेकीचे ओठ वाचले होते. सत्त्याऐंशीची ब्रिता दोन वर्षांपासून ठार बहिरी झाली होती. यंदा पहिल्यांदाच ती चुलीशेजारी स्टुलावर बसून होती, आणि नाताळची बिअर लेकीच्या हाती होती.

सकाळपासून सगळ्यालाच थोडा थोडा उशीर झाला होता. पाण्यात उकळायच्या जुनिपर झुडपाच्या डहाळ्या तोडून आणेपर्यंत पाणी उकळून निम्मं आटलं. सातूला मोड आणून वाळवलेलं माल्ट भिजत घालून तोरुन फोनवर बोलत बसली, ते तासभर जास्त भिजलं. आता यीस्टला तरी उशीर नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिनं खुंटीवरचं लाकडी कडं काढलं. मागच्या बिअरचा फेस त्याच्यावर वाळून मातकट पापुद्रा धरला होता. हे यीस्ट कुणी विकत आणलेलं नव्हतं. ब्रिताच्या आईला ते तिच्या आईकडून मिळालं होतं, आणि त्याआधी कुणाकडून, ते विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. दुसरं कडं उन्हाळ्यात उंदरांनी फस्त केलं होतं. म्हणजे होतं ते एवढंच. तोरुननं ते अलगद पिंपात सोडलं.

आता ओरडायचं होतं. त्यांच्या डोंगराळ खोऱ्यातली रीतच तशी. पिंपात तोंड घालून यीस्टला हाक मारायची, अगदी बेंबीच्या देठापासून. त्याशिवाय ते उठत नाही, उठलं तरी बिअर मिळमिळीत होते. तोरुन एकतीस वर्षं गावाच्या वाचनालयात होती. दुसऱ्यांना गप्प बसवण्यातच तिचा जन्म गेला होता. तिनं पिंपावर वाकून "होऽ" केलं.

"ओरडलीस?" ब्रितानं विचारलं.

"ओरडले की."

"मला नाही ऐकू आलं."

"तुला काहीच ऐकू येत नाही, आई!"

"मग ते यीस्ट काय तरुण आहे? माझ्याहून म्हातारं आहे ते."

बोलता बोलता ती उठली, काठीच्या आधारानं पिंपाशी आली आणि तिनं बोट बुडवलं. चटका बसावा तसा तिनं हात मागे घेतला.

"अगं कार्टे, हे धारोष्ण? कोंबडी सोलून निघेल यात!"

तोरुननं आपल्या हातांकडे पाहिलं. सकाळभर उकळत्या पाण्यानं पिंपं घासून ते लालबुंद झाले होते. त्यांना आता ऊन काय आणि कोमट काय, काहीच कळत नव्हतं.

"चुलीपाशी राबलेला हात खोटं बोलतो," ब्रिता म्हणाली. "मी कधी माझं बोट घातलंय? तुझं घालायचे."

लहानपणी आई पाठीवरून न्यायची, पिंपात बोट बुडवायला लावायची, "काय म्हणतं गं बोट?" विचारायची. तोरुनला इतकी वर्षं तो लाड वाटत होता.

ती धावत सुटली. ओढ्यावरचा बर्फ टाचेनं फोडून तिनं दुधाची मोठी किटली गार पाण्यानं भरली, झाकण घट्ट लावून पिंपात उभी केली. मग दुसरी. पाणी धारोष्ण झालं, ते या वेळी ब्रिताच्या बोटानं ठरवलं. पण कडं तोवर वीस मिनिटं त्या चटक्यात बसलं होतं.

दोघी वाट पाहत राहिल्या. एक तास गेला, दुसरा गेला. तीन वाजताच अंधारून आलं, खिडकीतला बर्फ निळा दिसायला लागला. पिंपातलं पाणी आरशासारखं सपाट होतं. वीस मिनिटांच्या घाईनं आपण किती बायकांचं जपलेलं घालवलं, हे तोरुनला मोजता येईना.

"मेलं गं, आई."

ब्रिता नुसती रिकाम्या खुंटीकडे बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

ते तोरुनला सोसवेना. तिनं पिंपाचा काठ दोन्ही हातांनी धरला, डोकं आत घातलं आणि ती ओरडली. त्यात शब्द नव्हता. एकतीस वर्षं घशाखाली दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. भिंतीवरचे डाव थरथरले, खालच्या गोठ्यात मेंढ्या पळाल्या, आणि खोऱ्यापलीकडच्या डोंगरानं तोच आवाज, जरा उशिरानं, परत पाठवला.

ब्रितानं मान वर केली.

"हे ऐकलं मी," ती म्हणाली.

तोरुन हुंदका गिळत उभी राहिली. घसा सोलवटला होता. पाण्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं, तरी बघितलं. लाकडी कड्याच्या सांध्याशी मसुराएवढा एक बुडबुडा आला होता. तो फुटला नाही. शेजारी दुसरा आला. मग पाच, मग मोजता येईनात. तळहाताएवढा पांढरा फेस पसरला आणि आतून बारीक फसफस ऐकू यायला लागली. वर्षभर खुंटीवर वाळलेलं, वर आज पोळलेलं ते यीस्ट श्वास घेत होतं.

"आई! आई, बघ! अगं ते..." तिचा आवाज अजून खाली यायला तयार नव्हता.

ब्रितानं पिंपाच्या लाकडावर तळवा टेकवला होता. दुसऱ्या हाताचं बोट तिनं ओठांवर ठेवलं.

"श्श," ती म्हणाली. "आता कशाला ओरडतेस? उठलंय ते."