कपाटातलं डबिंग

साड्यांच्या कपाटात उभी राहून सुचित्रा आपल्याच ओठांकडे बघत होती. समोर स्टुलावर लॅपटॉप होता आणि त्यात बावीस वर्षांची सुचित्रा एका धक्क्यावर उभी राहून काहीतरी बोलत होती. चित्राचा आवाज बंद केलेला होता. त्या ओठांवर आता हिने स्वतःचा आवाज बसवायचा होता.

आखातातल्या, खलिफा सिटीतल्या या घरात कपाटाची खोली सगळ्यांत शांत, म्हणून डबिंग करून घ्यायला आलेल्या धनंजयने तीच निवडली. आल्या आल्या एसी बंद करायला लावला. बाहेर सप्टेंबरचं ऊन, आत पाठीवरून घामाच्या धारा. त्यात एक टेक वरून गेलेल्या विमानाच्या आवाजाने खाल्ला. दत्तप्रसाद, म्हणजे सुचित्राचे यजमान, ऑफिसला गेले होते ते एका परीने बरंच झालं. बायको एका परपुरुषाबरोबर कपाटात उभी आहे, हे त्यांना समजावून सांगायला वेळ लागला असता.

"बोट सुटेल," धनंजय त्याचं वाक्य म्हणाला. पडद्यावरचा नायक तोच होता आणि दिग्दर्शकही तोच. हा माणूस आयुष्यभर भांडत आला. सेन्सॉरशी भांडला, मिळालेला पुरस्कार परत करून आला, टक्कल करायला कुणी हिरो तयार होईना तेव्हा स्वतःच डोकं भादरून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. सत्तरी आली तरी खोड गेली नव्हती. परदेशातल्या एका महोत्सवाने त्याचा हा जुना सिनेमा धुऊनपुसून दाखवायचं ठरवलं, तर याने अट घातली की सुचित्राच्या तोंडी सुचित्राचाच आवाज असेल तर दाखवा. मूळ सिनेमात तो दुसऱ्याच बाईचा होता. निर्मात्याला सुचित्राच्या बोलण्यातला कुडाळचा हेल गावंढळ वाटला होता.

"सुटू दे. मी कुठे जातेय?" सुचित्रा म्हणाली.

धनंजयने हेडफोन काढले. "हेल कुठे गेला?"

"म्हणजे?"

"त्याच्यासाठी तर आलोय मी. ही विमानतळावरची अनाउन्समेंट झाली."

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. शब्द मुद्दाम लांबवून बघितले, तर कुणीतरी कोकणी माणसाची नक्कल करावी तसं झालं. इथे आल्यापासून ऑफिसात हिंदी, नातवंडांशी इंग्लिश, घरात दत्तप्रसादांचं पुणेरी मराठी. हेल कधी झिजला ते तिला कळलंच नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी भेटायचं आणि म्हणायचं, काय गोड आवाज होता हो तुमचा त्या पिक्चरमध्ये. ती हसायची, आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. एकदा, फक्त एकदा, आपला आवाज कुणीतरी ऐकावा एवढंच तिला हवं होतं. आता ऐकणारा आला होता, तर आवाजच सापडत नव्हता. तिला रडू यायला लागलं.

अंकुरने दारातून डोकं घातलं. माइक त्याचाच होता.

"आई, एवढं काय टेन्शन घेतेस? तुझी एखादी जुनी कॅसेट असेल ना? एआय करून देईल, ॲक्सेंटसकट. दहा मिनिटं, खलास."

"उद्या आईसुद्धा बनवून देईल तुझं मशीन!" धनंजय भडकला. "मला तिच्या गळ्यातला आवाज पाहिजे. नाहीतर तो महोत्सव गेला खड्ड्यात."

"ओके अंकल, रिलॅक्स. मला मीटिंग आहे," म्हणत अंकुर सटकला.

आणि सुचित्राचं डोकं फिरलं.

"आता भांडतोस? माझ्या पोराशी?" तिचा आवाज चढला. "तेव्हा कुठे होतं हे तोंड? एका शॉटसाठी सहा महिने सेन्सॉरच्या पायऱ्या झिजवल्यास. आणि माझा आवाज काढून टाकला, तेव्हा निमूट सही करून आलास! थेटरात माझ्या तोंडातून दुसरी बाई बोलत होती, धनंजय. तू माझ्या शेजारी बसला होतास. एकदा वळून बघितलंससुद्धा नाही रे माझ्याकडे!"

बोलता बोलता तिलाच ऐकू आलं. वाक्यांची शेपटं लांबत होती, वर चढून खाली येत होती, कुडाळच्या घरी मागच्या दारातून हाक मारावी तशी. ती थांबली.

धनंजयने माफी मागितली नाही. ते त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने चित्र मागे नेलं आणि या वेळी लॅपटॉपकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"बोट सुटेल."

"सुटू दे. मी कुठे जातेय?"

धक्क्यावरच्या मुलीचे ओठ तिच्या आवाजाबरोबरच उघडले आणि आवाजाबरोबरच मिटले. आवाज चपखल बसला होता. धनंजयच्या चेहऱ्यावरूनच तिला ते कळलं. असं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

त्याने टेक सेव्ह केला. मग लॅपटॉप मिटला, माइकची वायर काढून नीट गुंडाळली. तरी तो दारातून हलेना.

"झालं ना?" तिने विचारलं.

"झालं." तो जरा घुटमळला. "आणखी एकदा म्हण."

"मशीन तर बंद केलंस."

"हो."

सुचित्राने ओढणीने तोंड पुसलं आणि साड्या बाजूला सारून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"मग तुझं वाक्य नीट म्हण," ती म्हणाली. "मघाशी घाई केलीस."