आधार: बनुबाई, आष्टा

"ही बनुबाई कोण?"

देवधर सरांनी निबंधाचं शेवटचं पान अनसूयेपुढे धरलं. पानाच्या तळाशी टपोऱ्या अक्षरात आधार दिला होता: 'बनुबाई, आष्टा. तोंडी.'

"माझी आत्या, सर."

"शिकलेल्या आहेत?"

"नाही. शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही."

"आणि हा मुद्दा त्यांचा?"

"आधार दिलाय, सर," अनसूया म्हणाली. नजर फरशीवर.

विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात देवधर सरांचा मोठा धाक. तत्त्वज्ञानाचा चांगला निबंध कसा लिहायचा, हे ते जूनमध्येच सांगून मोकळे होत. प्रश्न एकच घ्या. विरोधकाची बाजू त्याला जमली नसती इतकी चांगली मांडा. आणि आधाराशिवाय एक ओळ लिहू नका. कुणी 'मला वाटतं' असं लिहिलं, की शेजारी लाल शाई उमटे: 'तुम्हाला कोणी विचारलंय?'

पण चार दिवस झाले, सरांचीच झोप उडाली होती.

वचन माणसाला कशानं बांधतं, यावर त्यांचा अकरा वर्षं प्रबंध चालला होता. समोरच्यानं ऐकून होकार दिला तरच वचन बांधतं, हा त्यांचा सिद्धान्त. प्रबंध पुढच्या सोमवारी पुण्याला पोचता करायचा होता. आणि या पोरीनं लिहिलं होतं: बेंदराला, बैलांच्या सणाला, शेतकरी बैलाच्या कानात सांगतो, तुला कधी बाजार दाखवणार नाही. बैलाला कळत नाही, तो हो म्हणत नाही. मग बहात्तरच्या दुष्काळात तोच बैल विकताना धनी त्याच्या डोळ्याला डोळा का देत नव्हता?

या एका प्रश्नापुढे सरांचं चौथं प्रकरण टिकेना.

"आता जेवताना तरी तो बैल सोडा," सरांच्या पत्नी चारुलताबाई म्हणाल्या. "एवढा पटलाय, तर घाला प्रबंधात."

"कुणाच्या नावावर घालू? ती बाई कोण, तिनं कुठं ऐकलं, त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे का, हे आधी ठाऊक नको?"

"मग जा विचारायला. साताऱ्याला आमच्या अप्पांकडे यायला तुम्हाला वर्षवर्ष सवड नसते. आष्ट्याला तरी जाऊन या."

शनिवारी तास संपल्यावर सरांनी अनसूयेला थांबवलं. "उद्या येतोय तुमच्या घरी."

तिचा चेहरा उतरला. "कशाला सर एवढी तसदी? हवं तर तो मुद्दा खोडते मी."

"खोडायचा नाही!" सर केवढ्यांदा तरी ओरडले.

रविवारी पहिल्या एसटीनं ते निघाले. बसायला जागा असून निम्मी वाट उभेच राहिले. बाईंना काय विचारायचं, याचे सात प्रश्न कागदावर काढले होते. ते दोनदा खोडले, पुन्हा लिहिले.

अनसूयेचे वडील नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी धावत येऊन खाट झटकली. "अनूचं सर व्हय? आवं, बसा की! लय बरं वाटलं बघा."

सर खाटेच्या कडेवर टेकले. "बनुबाईंना भेटायचंय. त्यांच्या एका मुद्द्यावर माझं अकरा वर्षांचं काम अडलंय."

"आक्काचा मुद्दा?" नाथाजी गोंधळले. त्यांनी अंगणात बोट दाखवलं.

भुईमुगाच्या ढिगापाशी एक वयस्क बाई शेंगा तोडत बसली होती. सर चपला काढून तिच्यासमोर मांडी घालून बसले. कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी नम्रपणे पहिला प्रश्न विचारला. बाई हसली. तिनं ओंजळभर शेंगा त्यांच्या कागदावर ठेवल्या.

सरांनी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला. पेन उघडून ते वाट पाहत राहिले.

नाथाजींना ते बघवेना. जवळ येऊन ते हळूच म्हणाले, "सर, आक्का जल्माची मुकी-बहिरी हाय. आजवर एक शबुद बोललेली न्हाई ती."