घरी सगळे बरे ना?

"साहेब, ओळखलंत का मला?"

विचारायचं एवढंच होतं. आवाज बदलायचा नाही, तोंड झाकायचं नाही आणि 'बाबा' म्हणायचं नाही, अशा तीन अटी मैत्रिणींनी घातल्या होत्या. चूक तिचीच. मधल्या सुट्टीत तिनेच फुशारकी मारली होती, "माझे बाबा ज्याला एकदा भेटतात, त्याला जन्मात विसरत नाहीत. उगाच नाही तीनदा निवडून आले!"

"मग लाग की रांगेत, तोफे!"

वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून अख्खी शाळा तिला तोफ म्हणत होती. आता तोफेने माघार घ्यायची म्हणजे काय!

म्हणून शाळा सुटल्यावर ती आमदारांच्या कार्यालयात रांगेत उभी राहिली. आचारसंहिता दोन दिवसांवर आली होती, त्याआधी प्रत्येकाला साहेबांची सही हवी होती. शिष्यवृत्तीच्या शिफारशीसाठी तर गणवेशातल्या पोरींची ही गर्दी. भिंतीवर तीन निवडणुकांची तीन पोस्टरं होती आणि दर पोस्टरला बाबांचे केस आणखी काळे होत गेले होते. पहिल्या निवडणुकीत ती आईच्या पोटात होती. दुसऱ्या वेळी जीपमध्ये आईच्या मांडीवर झोपलेली, तिसऱ्या वेळी व्यासपीठावर फ्रॉक सावरत हात हलवणारी. आणि या वेळी, उद्याच्या सभेत, ती चक्क भाषण करणार होती.

तिचा नंबर आला. बाबांच्या नाकावर वाचायचा चष्मा होता, कान आणि खांद्याच्या मध्ये फोन आणि हातात पेन. शेजारी शिक्के मारणाऱ्या पीएकाकांनी तिला पाहिलं आणि त्यांचा शिक्का हवेतच राहिला. तिने डोळ्यांनीच दटावलं. सांगायचं नाही हं, काका.

"साहेब, ओळखलंत का मला?"

"असं कसं विसरेन, बाळा?"

ती गर्रकन वळली. दारात उभ्या मैत्रिणींकडे बघून तिने भुवया उडवल्या. बघितलंत?

"घरी सगळे बरे ना?" मागून बाबांनी विचारलं.

तिच्या भुवया तिथेच राहिल्या.

हे वाक्य तिला माहीत होतं. बाबांनीच एकदा जेवताना सांगितलं होतं. अनोळखी माणसाने 'ओळखलंत का' विचारलं, तर नाही कधी म्हणायचं नाही. मत जातं. आधी विचारायचं, घरी सगळे बरे ना? मग विचारायचं, वडील काय करतात हल्ली? तेवढ्यात माणूस आपणहून आपलं नाव-गाव सांगून मोकळा होतो. त्या दिवशी ती आणि आई पोट धरधरून हसल्या होत्या.

आता दुसरा प्रश्न येऊ नये. नकोच यायला. अजून वेळ आहे, बाबा, एकदा नीट वर बघा.

"वडील काय करतात हल्ली?"

दारात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"कामात असतात," ती म्हणाली.

"छान, छान. शिष्यवृत्तीच ना?" बाबांनी एका लेटरहेडवर सही ठोकली. "नाव पीएंना सांग, ते घालतील. आणि वडिलांना माझा नमस्कार सांग हं."

कागद तिच्या हातात देताना त्यांनी वर पाहिलं आणि ते हसलेही. पोस्टरवर हसतात, तसंच. पण नजर तोवर तिच्या मागच्या आजोबांवर गेली होती.

बाहेर आल्यावर पैज जिंकलेल्या मैत्रिणीच वकिली करू लागल्या.

"अगं, जवळचा चष्मा होता ना त्यांच्या डोळ्यांवर!"

"आणि फोनपण चालू होता. माझे पप्पा तर फोनवर असले की मला ताई म्हणतात!"

ती हसली. हसणं भाग होतं.

संध्याकाळी बाबा शर्ट बदलायला आणि दोन घास खायला घरी आले. आई भाषणाचा कागद घेऊन तिच्यामागे लागली होती. "'माझे बाबा' म्हटलंस की जरा थांबायचं. तिथे टाळ्या पडतात."

"बाबा, तुम्हाला नमस्कार सांगितलाय," ती म्हणाली.

"कुणी गं?" बाबांची मान फोनमध्येच.

"आमदारांनी."

तिने लेटरहेड त्यांच्या ताटाजवळ ठेवलं. खाली सही, वर नावाची जागा कोरी. बाबा आधी हसले. मग तिच्या गणवेशाकडे बघताना त्यांचं हसू आटत गेलं.

"ती... तू होतीस?"

आईने कागद उचलला, पाहिला आणि हलक्या आवाजात विचारलं, "वडील काय करतात, तेही विचारलंत?"

बाबांचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो उचलला नाही. वाजून वाजून बंद पडला, पुन्हा वाजला, तरी उचलला नाही. घास ताटातच ठेवून ते म्हणाले, "बाळा, नसेल यावंसं वाटत, तर उद्या सभेला नको येऊस."

"येणार तर!" ती म्हणाली. आवाज खणखणीत लागला, तिचं तिलाच नवल वाटलं. "आई, बाबा, माझं ठरलंय. भाषण मी करणार, आणि दणक्यात करणार. फक्त 'माझे बाबा' नाही म्हणणार. 'आपले आमदार' म्हणेन. टाळ्या तिथेही पडतील."