प्रयागबाईचा गुन्हा

प्रयागबाईनं गोधडीचं गाठोडं ठाण्यातल्या टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. आत दोन नळ्यांची बंदूक. शेख हवालदार ताडकन उठले.

“आजी! ही कुठून आणली?”

“माज्या भरतची हाय. लायसनची. ठिवून घ्या तुमच्याकडं.” तिनं पदराची गाठ सोडून दोन काडतुसंही पुढं सरकवली.

बोरी बुद्रुकहून टोमॅटोच्या पिकअपमध्ये बसून ती आली होती. सारी वाट मांडीवर गाठोडं आणि जीव मुठीत. भरतनं लायसन काढलं ते बिबट्याच्या भीतीनं. बिबट्या राहिला उसात सुखानं, आणि बंदूक निघाली सख्ख्या भावावर! वीतभर बांधापायी दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद. उद्या बांधाची सरकारी मोजणी होती. सकाळीच भरतनं ओट्यावर बसून नळ्यांना तेल दिलं आणि म्हणाला, “सुदर्शनला उद्या बांधावर पाय ठिवू दे, तितंच आडवा करतो.” धाकटा सुदर्शन तरी कुठं शहाणा? “छाती उघडी टाकून उभा ऱ्हातो,” असं गावभर सांगत सुटला होता. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. भरत फवारणीचं औषध आणायला आळेफाट्याला गेला, तशी प्रयागबाईनं कपाट उघडलं.

“पण झालंय काय? घरात भांडण?” हवालदारांनी विचारलं. “तसं असेल तर पोरावर तक्रार द्या.”

“न्हाई वं. बिनभांडणाचं घर हाय आमचं,” प्रयागबाई घाईघाईनं म्हणाली. पोटच्या पोराला बेड्या घालायच्या? जीभ झडली असती तिची. “घरात बंदूक म्हंजी भ्या वाटतं, दुसरं काय.”

हवालदार हसले. माणूस भला होता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“आजी, लायसन त्याचं आणि हत्यार तुमच्या हातात. हा गुन्हा आहे, माहितीय? दोन ते पाच वर्षं शिक्षा.” तिचा चेहरा उतरलेला पाहून ते चटकन पुढं म्हणाले, “घाबरू नका. लायसन रिन्यू करायला आईबरोबर पाठवली, असं भरतनं लिहून दिलेलं असलं की चालतं. दिलीय का चिठ्ठी? नसेल तर मी त्याला बोलावून इथंच लिहून घेतो. बंदूक घेऊन जाईल घरी, विषय मिटला.”

त्यांनी रजिस्टरमधून भरतचा नंबर काढला आणि फोन उचललासुद्धा. प्रयागबाईनं त्यांचा हात धरला. अरे देवा, हा भला माणूस चांगुलपणा करून तिच्या मुळावरच उठला होता. संध्याकाळपर्यंत बंदूक परत कपाटात, आणि उद्या मोजणी!

“थांबा भाऊ! आन् चिठ्ठी मिळालीच न्हाई तर?”

“तर मला लिहावंच लागेल. बंदूक जप्त, गुन्हा तुमच्यावर. हत्यार नीट सांभाळलं नाही म्हणून त्याचं लायसनही जाणार. पुन्हा मिळतंय कुठलं! कशाला आजी, या वयात?”

इतका वेळ ती उभीच होती. आता तिनं खुर्ची ओढली आणि नीट बसली.

“चिठ्ठी न्हाई. भरतला ठावं बी न्हाई. मी चोरून आणली. लिवा.”

“अहो, काय बोलताय! तुरुंगात जाल!”

“जाती की. मी सुटून येईन तवा माजी दोनी पोरं जित्ती असतील.”