बंद टीव्हीची काच

सदर बाजारातल्या टीव्हीच्या दुकानातला सेल्समन समजावत होता, "प्लाझ्माचे रंग भारी आहेत काका, पण त्याची काच म्हणजे आरसाच. टीव्ही बंद केला का अख्खी खोली त्यात दिसते. एलसीडीत ते झंझट नाही."

"एलसीडीच द्या," गोपाळराव घाईनं म्हणाले.

प्रेमिलानं त्यांना बाजूला ओढलं. "प्लाझ्मा घ्या ना जी. आपल्या जुन्या टीव्हीच्या काचेत मले अंकुश दिसते. सोफ्यावर, माह्या बाजूले बसलेला. पोराले अग्नी देऊन तुम्ही घरी आले, तवापासून रोज दिसते. तुमाले खोटं वाटन..."

गोपाळरावांनी बायकोकडे पाहिलंच नाही.

"मलेही दिसते वं," ते म्हणाले. "बसते तुह्या बाजूले, अन् पाहत राहते माह्याकडे."