कुंपणापलीकडची पोरगी

अमरावतीच्या स्टँडवर अंजनगावची गाडी कधीची लागली होती, पण सुटायचं नाव घेत नव्हती. ड्रायव्हर चहाला गेला होता आणि कंडक्टर दारात उभा राहून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. शालू खिडकीशी बसली, उठली, पायाशी ठेवलेली ट्रंक बाकाखाली ढकलली, पुन्हा बसली. पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. दवाखान्यातलं कुणी दिसलं तर?

नर्सिंगचं शिक्षण सोडून ती कुणाला न सांगता घरी निघाली होती. छळ कुणी केला नव्हता. अमरावतीत जीव लागत नव्हता, एवढंच. घास तोंडात फिरायचा. आईला चिकटून झोपायची सवय, त्यामुळे लोखंडी खाटेवर एकटीला झोप येत नव्हती. नव्या मुलींना दिवाळीपर्यंत घरच्या माणसाने भेटायचं नाही, असा मेट्रनबाईंचा कायदा होता. माणूस भेटायला आलं की मुली त्याच्याच मागे निघून जातात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. शालूने माणसाची वाटच पाहिली नाही.

वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. तिला पोचवायला सगळी वस्ती फाट्यापर्यंत आली होती. त्या सगळ्यांना उद्या काय तोंड दाखवायचं, हा विचार तिने मुद्दामच केला नव्हता. एकदाची गाडी सुटली की झालं.

तेवढ्यात खिडकीतून कुणा माणसाचा खांद्यावरचा दुपट्टा आत आला आणि शेजारच्या जागेवर पडला. जागा धरायची ही रीत. दुपट्टा ज्याचा, जागा त्याची. मग तो सगळ्यांच्या मागून का चढेना, कुणी ब्र काढत नाही. शालूने दुपट्टा नीट करायला हात लावला आणि हात तिथेच राहिला. कोपऱ्याला हिरवं ठिगळ होतं, तिच्याच जुन्या परकराचं. आईने लावलेलं.

गर्दीतून वाट काढत तिचा बाप, देवमन, आला. आधी त्याला दुपट्टा दिसला, मग पोरगी. चोरी पकडली गेल्यासारखे दोघेही ओशाळले.

"बाबा, तुमी इथी?"

"काम होतं जरासं," देवमन म्हणाला. मग तिच्याकडे नीट पाहून गोंधळला. "पन तू कवा आली वं? आत्ता तं तुले तिथी पाह्यलं."

"कुठी?"

"दवाखान्याच्या तारेच्या कुंपनापाशी. दर शुक्रवारी येतो मी. भेटू नोका म्हने तुही बाई, पाहू नोका असं तं नाई म्हनलं तिनं! तुमी पोरी रांगेनं वार्डात जाता, तवा सडकेवरून पाह्यतो. साऱ्यात उंच ते तू. आज तं लय हासून राहिली होती."

ती रांग निघायच्या आधीच शालू मागच्या दाराने बाहेर पडली होती.

"ते मी नोती, बाबा. ते सत्यवती. माह्याहून उंच हाये ते."

देवमनचा चेहरा उतरला. "पांढऱ्या पातळात साऱ्या सारख्याच दिसता," तो पुटपुटला. "अन् मी तुह्या मायले जाऊन सांगतो, पोरगी हासून राहिली होती म्हनून. मंग ते जेवते पोटभर."

शालूला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींच्या वर राग आला. "सांगाचं तं होतं मले! मले वाटे, तुमी इसरले."

"सांगतलं असतं तं तू तारेपाशीच येऊन उभी राह्यली असती."

हे मात्र खरं होतं. तेवढ्यात देवमनला बाकाखालची ट्रंक दिसली. त्याने दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला आणि बसला. मग म्हणाला, "येत असशीन तं चाल. घर तुहंच हाये. मी काई म्हननार नाई."

हेच ऐकायला मिळावं म्हणून ती रात्ररात्र तळमळली होती. आता ऐकलं, तर जीव आणखीच कासावीस झाला. तो रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. इतके शुक्रवार हा माणूस काम बुडवून रस्त्यावर उभा राहिला, भलतीलाच पाहून समाधानाने घरी गेला, आणि आई त्यावर जेवली.

ड्रायव्हर चढला. गाडी घरघरली. शालू उठली आणि तिने ट्रंक ओढली.

"कुठी चालली वं?"

"शुक्रवारी नीट पाहजा," ती म्हणाली. "मी रांगेत डोक्याले हात लावीन. जे हात लावीन, ते मी."

ती माणसांना ढकलत, ट्रंक आपटत खाली उतरली. उतरतानाही तिला घरी जायचंच होतं, अगदी चढतानाइतकंच. देवमनने खिडकीतून मान बाहेर काढली.

"शालू, ते उंच पोरगी कुठली वं?"

"सत्यवती? चांद्याकडची. पार जंगलातली."

"तिले पाह्याले येते कोनी?"

"इतक्या दुरून कोन येईन, बाबा? दिवसा हासते ते. राती माह्याहून जास्त रडते."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली, वळली, स्टँडच्या फाटकापर्यंत गेली. धुरळ्यातून देवमनचा आवाज आला.

"मंग तिलेबी सांगजो, डोक्याले हात लाव म्हना!"